पुस्तक मिटून वाचणे

पाठ्यपुस्तकाइतका दाट मजकूर विद्यार्थ्याच्या वाचनात क्वचितच दुसरा असतो. कादंबरीची दोन पाने गळली तरी गोष्ट पुढे सरकते. बातमीचा शेवट वाचला नाही तरी बातमी कळते. पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद सुटला, तर मात्र पुढचे तीन परके वाटू लागतात, कारण व्याख्या, अट, अपवाद आणि उदाहरण हे सगळे तिथे चार-सहा ओळींत बसवलेले असते. असे असूनही ते बहुधा गोष्टीसारखेच वाचले जाते: पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकाच वेगाने, आणि परीक्षा जवळ आली की पुन्हा पहिल्या ओळीपासून. या सवयीला पर्याय म्हणून ज्या रीती सुचवल्या जातात त्यांना मिळून सक्रिय वाचन म्हणतात. वाचण्याआधी प्रश्न करणे, वाचताना मजकूर स्वतःला समजावून सांगणे, वाचून झाल्यावर पुस्तक मिटून तो आठवणे आणि काही दिवसांनी पुन्हा आठवून पाहणे ही त्याची मुख्य अंगे. त्यांतले तिसरे अंग सर्वांत फलदायी आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही.

हे दुर्लक्ष किती मोठे आहे याची मोजदाद झालेली आहे. जेफ्री कार्पिक, अँड्र्यू बटलर आणि हेन्री रोडिगर यांनी २००९ मध्ये अमेरिकेतील १७७ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ते अभ्यास कसा करतात असे विचारले. सुमारे ८४ टक्के विद्यार्थ्यांनी टिपणे किंवा पुस्तक पुन्हा वाचतो असे सांगितले. न बघता आठवून पाहतो असे सांगणारे जेमतेम ११ टक्के होते. ही निरीक्षणे अमेरिकेतली असली, तरी मार्च महिन्यात आपल्याकडच्या कोणत्याही अभ्यासिकेत डोकावले तर वेगळे दृश्य दिसण्याची शक्यता कमी.

पुन्हा वाचण्याचा मोह समजण्यासारखा आहे. दुसऱ्या वाचनात मजकूर सहज सरकतो, शब्द ओळखीचे वाटतात, पुढे काय येणार याचा अंदाज येतो, आणि ही ओळख म्हणजेच ज्ञान असा समज होतो. पण ओळखता येणे आणि सांगता येणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. रोज गाडीत शेजारी बसून जाणाऱ्याला रस्ता ओळखीचा असतो. स्वतः चालवायची वेळ आली की कुठे वळायचे ते आठवत नाही. परीक्षेच्या कोऱ्या उत्तरपत्रिकेसमोर नेमके हेच होते. ‘वाचले होते, पण आठवेना’ या तक्रारीत दोष स्मरणशक्तीवर ढकलला जातो. खरे पाहता आठवण्याचा सराव तोवर एकदाही झालेला नसतो.

रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ मधला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. विद्यार्थ्यांना माहितीपर उतारे दिले गेले. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि नंतर तीनदा, उताऱ्याकडे न पाहता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा चारदा वाचणारे पुढे होते: त्यांना सुमारे ८३ टक्के मजकूर आठवला, तर दुसऱ्या गटाला ७१ टक्के. आठवड्याने चित्र पालटले. चारदा वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के. याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की आपल्याला पुढे किती आठवेल असे विचारल्यावर अधिक आत्मविश्वास चारदा वाचणाऱ्यांनीच दाखवला होता. परीक्षेच्या आदल्या रात्री केलेले वाचन उपयोगी वाटते आणि काही अंशी असतेही, याचे कारण या आकड्यांत आहे. तोच विषय पुढच्या वर्षी लागणार असेल तेव्हा मात्र त्याची किंमत कळते.

हा शोध या शतकातला नाही. आर्थर गेट्स यांनी १९१७ मध्ये शाळकरी मुलांवर प्रयोग करून दाखवले, की उपलब्ध वेळेचा मोठा भाग नुसता वाचण्याऐवजी मान वर करून मनाशी म्हणण्यात घालवला तर अधिक लक्षात राहते. हर्बर्ट स्पिट्झर यांनी १९३९ मध्ये आयोवा राज्यातील सहावीच्या साडेतीन हजारांहून अधिक मुलांना छोटे लेख वाचायला देऊन वेगवेगळ्या अंतराने चाचण्या घेतल्या. वाचल्याबरोबर ज्यांची चाचणी झाली त्यांनी मजकूर अधिक काळ टिकवून धरला. त्यानंतर १९४६ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातील फ्रान्सिस रॉबिन्सन यांच्या पुस्तकातून ‘एसक्यूथ्रीआर’ ही पद्धत प्रसिद्ध झाली. आधी पाहणी, मग प्रश्न, मग वाचन, मग न पाहता कथन, शेवटी उजळणी असे तिचे पाच टप्पे आहेत. अभ्यासकौशल्यांवरच्या पुढच्या बहुतेक पुस्तकांनी हेच टप्पे नावे बदलून वापरले. वर्गात ते शिकवतानाही एक गंमत होते: पाहणी आणि प्रश्न यांवर पुष्कळ वेळ जातो आणि चौथ्या टप्प्याशी येईपर्यंत तास संपतो.

तरीही पहिल्या टप्प्यांना स्वतःचे मोल आहे. जॉन ब्रान्सफर्ड आणि मार्शिया जॉन्सन यांनी १९७२ मध्ये एक विचित्र उतारा तयार केला. त्यातली वाक्ये साधी होती, पण वस्तूंचे ढीग करा, सोयी नसतील तर दुसरीकडे जा, एका वेळी फार घेऊ नका, अशा मोघम सूचनांमुळे विषयच कळेना. तो उतारा कपडे धुण्याविषयीचा होता. हे आधी सांगितले तेव्हा लोकांना तो समजला आणि आठवलाही. वाचून झाल्यावर सांगितले तेव्हा काहीच फायदा झाला नाही. शीर्षके, उपशीर्षके, आकृत्या आणि प्रकरणाच्या शेवटचे प्रश्न यांवरून आधी नजर फिरवायची ती याच कारणाने. मजकूर कुठे नेऊन ठेवायचा याची जागा मनात आधी तयार असावी लागते.

महाराष्ट्र राज्याच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातले ‘उष्णता’ हे प्रकरण उदाहरणादाखल घेता येईल. त्यात अप्रकट उष्मा, पुनर्हिमायन, पाण्याचे असंगत आचरण, दवबिंदू व आर्द्रता, विशिष्ट उष्माधारकता असे मुद्दे येतात. प्रकरण वाचण्याआधी ही शीर्षके पाच मिनिटांत पाहावीत आणि प्रत्येकाचा प्रश्न करावा. ‘अप्रकट उष्मा म्हणजे काय?’ हा प्रश्न चालेल, पण तो आळशी प्रश्न आहे. त्याचे उत्तर एक व्याख्या पाठ करून देता येते. ‘बर्फाला सतत उष्णता देत असताना तापमापी शून्यावरच का थांबते? दिलेली उष्णता जाते कुठे?’ हा प्रश्न अधिक चांगला, कारण त्याचे उत्तर शोधताना वाचणाऱ्याला कारणापर्यंत जावेच लागते. ‘असंगत’ शब्द दिसला की पाणी कोणाशी विसंगत वागते आणि कोणत्या तापमानाला, हे विचारावे. प्रश्नांची उत्तरे या वेळी येणार नाहीतच. लिंडसे रिचलंड, नेट कॉर्नेल आणि लिश काओ यांनी २००९ मध्ये दाखवले, की वाचण्याआधी केलेला उत्तराचा प्रयत्न चुकला तरी त्या मुद्द्याचे नंतरचे स्मरण सुधारते. त्यामुळे स्वाध्याय शेवटी छापलेला असला तरी तो पहिल्यांदा उघडायला हरकत नाही.

पुस्तकेसुद्धा इथे मदतीला उभी असतात. राज्याची पाठ्यपुस्तके काढणाऱ्या बालभारतीच्या पुस्तकांत पानोपानी ‘थोडे आठवा’, ‘सांगा पाहू’, ‘जरा डोके चालवा’, ‘करून पहा’ अशा चौकटी आहेत. त्या वाचन थांबवून विचार करायला लावण्यासाठीच घातलेल्या असतात, पण ‘हे परीक्षेला नाही’ म्हणून डोळा सर्वांत आधी त्यांवरूनच उडी मारतो. प्रश्नोत्तरांची गाइडे आणि अपेक्षित प्रश्नसंच यांचा तोटाही याच अंगाने समजून घ्यावा. त्यांतली उत्तरे चुकीची असतात असे नाही. प्रश्न करणे, महत्त्वाचे वेचणे आणि आपल्या शब्दांत मांडणे ही तिन्ही कामे दुसऱ्याने करून दिलेली असतात, आणि लक्षात राहते ते ही कामे करणाऱ्याच्या.

प्रत्यक्ष वाचन सुरू झाले की वेगाचा प्रश्न येतो. पाठ्यपुस्तक एकसारख्या वेगाने वाचता येत नाही आणि वाचूही नये. प्रस्तावनेचा परिच्छेद झरझर जाईल, व्याख्येशी थांबावे लागेल, आकृतीशी त्याहून अधिक. दर परिच्छेदानंतर ‘हे असे का?’ आणि ‘हे आधीच्या मुद्द्याशी कसे जुळते?’ हे दोन प्रश्न पुरतात. मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये आठवीच्या मुलांना रक्ताभिसरणावरचा मजकूर वाचायला दिला. एका गटाला प्रत्येक वाक्यानंतर त्याचा अर्थ स्वतःशी समजावून सांगायला लावले, दुसऱ्या गटाने तोच मजकूर दोनदा वाचला. समजावून सांगणाऱ्यांची समज अधिक वाढली, आणि ज्यांनी हे काम मनापासून केले त्यांना रक्ताभिसरणाची पूर्ण व्यवस्था उलगडली. अप्रकट उष्म्याच्या बाबतीत हे समजावणे साधारण असे होईल: शून्य अंशाचा बर्फ आणि शून्य अंशाचे पाणी यांचे तापमान एकच, म्हणजे दिलेली उष्णता तापमान वाढवण्यात गेलेली नाही, ती रेणूंमधले बंध सैल करण्यात गेली, एक ग्रॅम बर्फासाठी अशा ८० कॅलरी लागतात आणि एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ व्हायला ५४०. इथपर्यंत आल्यावर, उकळत्या पाण्यापेक्षा त्याच तापमानाची वाफ जास्त का भाजते, याचे उत्तर पुस्तकात शोधावे लागत नाही.

सेमी-इंग्रजीतल्या मुलांसाठी या पायरीला आणखी एक अर्थ आहे. गणित-विज्ञान इंग्रजीतून वाचायचे आणि घरी-मैत्रीत मराठी बोलायचे, अशा स्थितीत ‘लेटंट हीट’ची व्याख्या इंग्रजीत बिनचूक म्हणता येते आणि अर्थ मात्र निसटलेला असतो. तीच गोष्ट घरच्या मराठीत धाकट्या भावंडाला सांगता आली तर समजली असे धरावे. सांगताना अडखळायला होते, ती जागा पुन्हा वाचायची.

ओळी रंगवण्याविषयी थोडक्यात. जॉन डनलॉस्की आणि चार सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींचा आढावा घेतला. अधोरेखन आणि पुनर्वाचन या दोन्हींना त्यांनी कमी उपयुक्ततेच्या गटात टाकले. स्वतःची चाचणी आणि अंतर ठेवून केलेला सराव या दोनच पद्धतींना वरचा दर्जा दिला. पेन हातात धरल्याने नुकसान होत नाही. पण पानाचा निम्मा भाग पिवळा झाला की काय महत्त्वाचे आणि काय नाही हेच कळेनासे होते. परिच्छेद संपेपर्यंत काहीही अधोरेखित करायचे नाही, हा साधा नियम बराच पिवळा रंग वाचवतो. त्यापेक्षा समासात चार शब्दांचा प्रश्न लिहिणे अधिक कामाचे, कारण उजळणीच्या दिवशी तोच प्रश्न चाचणी बनतो. कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेल्या टिपणपद्धतीचे मर्मही तेच: पानाच्या डाव्या अरुंद रकान्यात सूचक शब्द किंवा प्रश्न, उजवीकडे टिपण, आणि उजळणी करताना उजवा भाग झाकून डावीकडून उत्तर देणे.

पुस्तकात लिहिण्याला आपल्याकडे एक व्यवहारी अडचण आहे. पुस्तके धाकट्याला द्यायची असतात, किंवा वर्षअखेरीस पुण्याच्या अप्पा बळवंत चौकासारख्या ठिकाणी जुनी म्हणून विकायची असतात. म्हणून पेन्सिल, किंवा पानात सरकवलेली कागदाची पट्टी. राज्यात २०२३-२४ पासून काही इयत्तांच्या पुस्तकांतच नोंदींसाठी कोरी पाने घालण्यात आली होती. दप्तराचे ओझे कमी व्हावे हा त्यामागचा एक हेतू होता, आणि अपेक्षित वापर होत नसल्याने २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. कोरे पान दिले म्हणजे नोंद होत नाही. त्यावर काय लिहायचे हे शिकवावे लागते.

आता पुस्तक मिटण्याकडे. एक उपविभाग, म्हणजे साधारण दोन-तीन पाने, वाचून झाली की पुस्तक बंद करून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे. वाक्ये सुबक नसली तरी चालतात. मुद्दे, बाणांच्या खुणा, अर्धवट आकृती काहीही चालते. पाण्याचे असंगत आचरण दाखवणाऱ्या होपच्या उपकरणाची आकृती पुस्तकात पाहताना अगदी सोपी वाटते: उभे भांडे, मध्याभोवती गोठणमिश्रण, एक तापमापी वर आणि एक खाली. न पाहता काढायला घेतली की प्रश्न पडतो, आधी कोणत्या तापमापीतले तापमान उतरते? खालच्या. ती ४ अंशांपर्यंत येऊन थांबते, त्यानंतर वरची उतरत शून्यापर्यंत जाते. कारण ४ अंशांच्या पाण्याची घनता सर्वांत जास्त असल्याने ते तळाशी बसते आणि त्याहून थंड झालेले पाणी प्रसरण पावून वर सरकते. ही साखळी एकदा स्वतः जुळवली, की गोठलेल्या तळ्यात बर्फाखाली मासे का जगतात आणि थंड प्रदेशात नळ का फुटतात, ही दोन वेगळी उत्तरे पाठ करावी लागत नाहीत.

कागद भरला की पुस्तक उघडून ताडून पाहावे आणि राहिलेले वेगळ्या रंगाने लिहावे. ही पायरी टाळू नये. चुकीचे आठवलेले तसेच सोडले तर तेही पक्के होऊ शकते. राहिलेल्या मुद्द्यांची यादी म्हणजे पुन्हा वाचायच्या जागांची यादी. सगळे पुन्हा वाचण्याऐवजी एवढेच वाचायचे असल्यामुळे सुरुवातीला संथ वाटणारी ही रीत एकूण हिशेबात वेळखाऊ ठरत नाही. पहिले काही दिवस ती अप्रिय मात्र वाटते. पुनर्वाचनात आपल्याला किती येते हे दिसते, आठवण्यात किती येत नाही ते दिसते.

यावर असा आक्षेप येतो, की ही घोकंपट्टीच झाली. तो अर्धाच खरा आहे. पाठांतरात न पाहता म्हणण्याचा भाग असतो आणि तेवढ्यापुरते त्याचे बळ निर्विवाद आहे. वेदपठणाच्या परंपरेने पद, क्रम, जटा, घन अशा पाठांतून शब्दांचे क्रम उलटसुलट म्हणवून घेत शतकानुशतके मजकूर अक्षरशः जपला. पाढे म्हणून घेणाऱ्या आजीकडेही तेच तंत्र होते. घोकंपट्टीत कमी असते ते कारण. त्याच शास्त्रपरंपरेत श्रवणानंतर मनन सांगितले आहे आणि मीमांसेत विषय, संशय, पूर्वपक्ष अशा पायऱ्या चढल्यावरच सिद्धान्त येतो, हे विसरले की उरते ती घोकंपट्टी. पुस्तक मिटून शब्द आठवायचे नसतात, विचार आठवायचा असतो. शब्द आपले चालतात. सूत्रे, व्याख्या आणि सनावळ्या याला अपवाद. त्या शब्दशः यायलाच हव्यात.

एकदा आठवले म्हणजे काम संपत नाही. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करून ते किती लवकर विसरले जातात हे त्यांनी मोजले आणि विस्मरणाचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच होतो असे त्यांना आढळले. अर्थपूर्ण मजकूर इतक्या झपाट्याने जात नाही, पण जातो. म्हणून आठवण्याच्या फेऱ्या पसरून ठेवायच्या: दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने. परीक्षा जितकी दूर तितके फेऱ्यांमधले अंतर मोठे चालते. थोडे विसरल्यानंतर आठवायला जो त्रास होतो तोच उपयोगी. यासाठी वेगळे वेळापत्रक लागतेच असे नाही. नवे प्रकरण उघडण्याआधी मागच्या प्रकरणाचे समासातले प्रश्न पाच-दहा मिनिटे सोडवले तरी बरेच साधते.

विषयागणिक या रीतींना मुरड घालावी लागते. गणितात सोडवलेले उदाहरण वाचून काढणे हा फसवा प्रकार. प्रत्येक पायरी समजते आणि वही समोर घेतली की पहिली पायरीच सुचत नाही. उत्तराची बाजू कागदाने झाकून एकेक ओळ खाली सरकवावी आणि पुढची ओळ आधी स्वतः लिहावी. भूमितीच्या प्रमेयात पक्ष आणि साध्य एवढेच पाहून सिद्धता करून पाहावी. निरनिराळ्या प्रकरणांची उदाहरणे मिसळून सोडवली तर कुठली रीत कुठे लागते हे ओळखायचा सरावही होतो, जो एकाच सरावसंचात मिळत नाही. इतिहासात घटनांच्या यादीपेक्षा कारणांची साखळी आठवावी. सन आपोआप तिला चिकटतात. भूगोलात नकाशा हाच मजकूर असतो, म्हणून आठवायचे तेही कोऱ्या नकाशावर.

दोघे-तिघे मिळून वाचत असतील तर ॲनमेरी पॅलिन्सार आणि ॲन ब्राउन यांनी १९८४ मध्ये मांडलेली परस्पर-अध्यापनाची रीत सोयीची. पाळीपाळीने एकाने शिक्षक व्हायचे आणि उताऱ्याचा सारांश सांगणे, प्रश्न विचारणे, अडलेले स्पष्ट करणे, पुढे काय येईल याचा अंदाज बांधणे ही चार कामे करायची. वाचनात मागे पडलेल्या सातवीच्या मुलांमध्ये तिने स्पष्ट सुधारणा दिसली होती.

या सगळ्यांना एक मर्यादा आहे आणि ती आधीच माहीत असलेली बरी. आठवण्याचा सराव जे समजले आहे ते टिकवतो. मुळात कळलेच नसेल तर कोऱ्या कागदाने फक्त ते न कळणे उघड होते. परिच्छेदातले चार-पाच शब्द अपरिचित असतील, किंवा आधीच्या इयत्तांत शिकायचा अपूर्णांकांचा व्यवहार कच्चा राहिला असेल, तर दहावीचे पान कितीही प्रश्न विचारून उलगडत नाही. तिथे तंत्र बदलून उपयोग नसतो, इयत्ता बदलावी लागते: खालच्या वर्गाचे पुस्तक काढून तोच मुद्दा तिथून वाचत यावे लागते. अनेकांना यात कमीपणा वाटतो आणि म्हणूनच हा उपाय टाळला जातो, पण याहून जवळचा रस्ता नाही. त्यासाठी जुनी पुस्तके शोधत फिरण्याचीही गरज उरलेली नाही. बालभारतीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात.